अख्खं टूल नको, त्यातला एक तुकडा दे

प्रश्न: ताई, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमधल्या रामन स्पेक्ट्रोमीटरच्या (नमुन्यावर लेझर टाकून विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या मशीनच्या) फाइल्स वाचायच्या, बेसलाइन (मोजमापात मिसळलेली पार्श्वभूमी) काढायची, पीक (आलेखातले उंचवटे) शोधायचे आणि आलेख तयार करायचे, यासाठी मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. ती वाढत वाढत नऊशे ओळींची झाली आहे आणि लॅबमधले सगळे ती वापरतात. आमच्या विषयातल्या संशोधकांनी मिळून चालवलेला ओपन सोर्स टूल्सचा एक संग्रह आहे, त्यात ही स्क्रिप्ट टाकावी असं मनात आहे. पण कोड बघून लोक हसतील अशी भीती वाटते. गाइड म्हणतात, आधी पेपर, हे उद्योग नंतर. एक सिनियर म्हणाला, उघड्यावर टाकलंस तर तुझ्याआधी दुसरंच कोणीतरी छापेल. पुढे लोक शंका विचारायला लागले तर उत्तरं द्यायला वेळ कुठून आणू, हा प्रश्न आहेच. संग्रहात अशा कामाचं एक टूल आधीपासून आहे, पण ते आमच्या मशीनच्या फाइल्स वाचत नाही. काय करू? – एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर:

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही थेट एकेरीवर येते.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहेस. अशा कामाचं टूल संग्रहात आहे, फक्त ते तुमच्या मशीनच्या फाइल्स वाचत नाही. बाकीच्या काळज्यांची बरीचशी उत्तरं त्या एका वाक्यात आहेत, म्हणून सल्ला आधीच सांगून टाकते. नऊशे ओळींची स्क्रिप्ट नवं टूल म्हणून संग्रहात टाकू नकोस. तिच्यातला फाइल वाचणारा भाग वेगळा काढ आणि तो त्या आधीच्या टूलला दे. राहिलेलं पेपर होईपर्यंत स्वतःकडे ठेव.

थोडा हिरमोड होईल, कल्पना आहे. स्वतःच्या नावाचं टूल असणं वेगळं आणि दुसऱ्यांच्या टूलमध्ये दीडशे ओळी घालणं वेगळं. पण तुमच्या विषयात नव्याने आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या बाजूने बघ. त्याला बेसलाइन काढायची आहे. संग्रहात जातो तर एकाच कामाची अर्धा डझन टूल्स. एक ठरावीक कंपनीच्याच फाइल्स वाचतं, दुसऱ्याची बेसलाइन चांगली पण आलेख धड नाहीत, तिसरं कोणीतरी प्रबंधासाठी लिहिलं होतं आणि प्रबंधाबरोबर तेही संपलं. पोरगं दोन दिवस ती टूल्स चाळतं आणि शेवटी वैतागून आणखी एक स्वतःच लिहायला घेतं. संशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चक्र कायम चालू असतं, आणि त्यात भर घालणारे आपणच असतो. आरओपनसाय हा 2011 साली सुरू झालेला प्रकल्प आर या संगणकाच्या भाषेतल्या पॅकेजेसचं, म्हणजे इतरांना वापरता येईल अशा बांधून ठेवलेल्या कोडचं, परीक्षण करतो. त्यांची भूमिका स्पष्ट आहे: आधीच्या पॅकेजचंच काम करणारं नवं पॅकेज आणायचं असेल, तर ते त्याहून ठळकपणे सरस असायला हवं. बहुतेक चांगल्या संग्रहांत हा नियम लेखी नाहीतर अलिखित असतोच. तुमच्या संग्रहातही योगदान कसं द्यावं हे सांगणारं पान असेल. कोडला हात लावण्याआधी ते वाच. हे पान न वाचता आलेली योगदानं सांभाळणाऱ्यांना लगेच ओळखू येतात.

आता फाइल वाचणाऱ्या भागाबद्दल. तुला तो बहुधा स्क्रिप्टमधला सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटत असेल. पण संग्रहाला नेमका तोच हवा आहे.

तुमच्या मशीनची एखादी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड. वर हेडरच्या वीस-पंचवीस ओळी दिसतील: ऑपरेटरचं नाव, तारीख, नमुना, लेझरची तरंगलांबी, किती सेकंदांचं एक्स्पोजर, किती स्कॅन. खाली दोन रकान्यांत आकडे. दिसायला किती सोपं. पण मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की हेडरमध्ये एखादी ओळ वाढते, आणि ‘पहिल्या चोवीस ओळी सोड’ असं सांगणारा कोड पंचविसाव्या ओळीवर आपटतो. आपटला तर बरंच म्हणायचं, कारण निदान कळतं तरी. मशीनला जोडलेल्या कंप्युटरची सेटिंग जर्मन किंवा फ्रेंच असेल तर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो. 1.25 चं 1,25 होतं, आणि स्वल्पविरामावर ओळ तोडणारा कोड त्याचे निमूटपणे दोन रकाने करतो, एकात 1 आणि दुसऱ्यात 25. कुठेही एरर नाही. आलेखसुद्धा निघतो, फक्त तो कशाचाच नसतो. हेडरमध्ये स्लिटची रुंदी मायक्रोमीटरमध्ये असेल तर आणखी एक गंमत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्युटरच्या अक्षरांच्या यादीत, मायक्रोचं चिन्ह वेगळं आणि ग्रीक म्यू वेगळा. डोळ्यांना दोन्ही एकच, कोडला मात्र वेगवेगळे. आणि 03/04 ही तारीख मार्चमधली की एप्रिलमधली, हे फाइलला विचारून कधीच कळत नाही.

हे खाचखळगे तुला तोंडपाठ असतील, कारण तुझं रोजचं काम त्या मशीनवर आहे. त्या टूलच्या मूळ लेखकांकडे ते मशीन बहुधा नाहीच. त्यांना कितीही चांगला कोड लिहिता आला तरी हा भाग त्यांना लिहिता येणार नाही. पीक शोधण्याच्या पद्धतींवर पुस्तकं मिळतात, पण तुमच्या मशीनच्या फाइलमध्ये काय काय बिघडू शकतं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचं वजन किती असतं, याचं एक उदाहरण रसायनशास्त्रातलं आहे. एनएमआर या रेणूंची रचना ओळखण्याच्या तंत्रातल्या आकडेमोडीसाठी 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पायथनच्या स्क्रिप्ट्स अनेक जण वापरत होते. 2019 मध्ये लक्षात आलं की त्याच फाइल्सवर तीच स्क्रिप्ट एका ऑपरेटिंग सिस्टिमवर एक उत्तर देते आणि दुसरीवर दुसरं. रसायनशास्त्र चुकलं नव्हतं, गणितही नाही. पायथनचं ग्लॉब नावाचं फंक्शन फोल्डरमधल्या फाइल्सची यादी देतं, पण ती कोणत्या क्रमाने द्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवलेलं असतं. यादी आपोआप क्रमवार येते असं स्क्रिप्ट धरून चालली होती. यादी आधी क्रमाने लावून घेतली की प्रश्न सुटला. कोड उघडा होता म्हणून बाहेरच्या संशोधकांना हे शोधता आलं, हेही विसरू नकोस. तुझी स्क्रिप्ट फक्त तुमच्या लॅबच्या कंप्युटरवर चालते आहे तोवर तिच्यात असं काही दडलेलं आहे की नाही, हे तुलाही कळायला मार्ग नाही.

बरं, करायचं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे कोड पाठवायचा नाही. आधी इश्यू, म्हणजे टूलच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी शंका किंवा सूचना, लिहायचा. भाड्याच्या घरात खिळा ठोकण्याआधी मालकाला विचारतो, तसं. बहुधा इंग्रजीत लिहावं लागेल, पण मजकूर साधारण असा असावा: ‘आम्ही अमुक मशीन वापरतो. त्याच्या टेक्स्ट फाइल्स तुमचं टूल सध्या वाचत नाही, उघडायला गेलं की ही एरर येते. आमच्याकडे या फाइल्स वाचणारा कोड आहे आणि सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांच्या फाइल्सवर तो चालतो. नमुना फाइल जोडली आहे. हा भाग तुमच्या टूलमध्ये यावा असं तुम्हाला वाटतं का? हो असेल तर तो कुठे बसवू?’ एवढंच. स्वतःची लांबलचक ओळख नको, माझा कोड चांगला नाही अशी आधीच माफीही नको. विचारण्याचा फायदा असा की कदाचित कोणीतरी तेच काम अर्धं करून ठेवलेलं असतं, किंवा फाइल वाचणारे भाग एका ठरावीक पद्धतीने जोडायची सोय टूलमध्ये आधीच केलेली असते. ते न विचारता महिनाभर कोड लिहिलास आणि मग कळलं, तर चडफडण्याशिवाय हाती काही राहत नाही.

दुसरी गोष्ट नमुना फाइल. माझ्या मते तुझ्या योगदानातली सगळ्यात मौल्यवान वस्तू कोड नसून ही फाइल आहे. कोड उद्या कोणी नव्याने लिहील, पण तुमच्या मशीनची खरी फाइल त्यांना दुसरीकडून मिळायची नाही. मात्र तुझ्या संशोधनातली फाइल उचलून देऊ नकोस. अप्रकाशित नमुना जगजाहीर होईल, हेडरमधलं ऑपरेटरचं नाव जाईल, फाइल कुठे सेव्ह केली तो पाथ असेल तर त्यातून प्रकल्पाचं नावही जाईल. त्यापेक्षा पॉलिस्टायरीनचा स्पेक्ट्रम घे. कॅलिब्रेशनसाठी तो तुम्ही तसाही अधूनमधून घेतच असाल, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. हेडरमधली नावं बदल, पण हेडरचा आकार जसाच्या तसा ठेव. जमलं तर स्वल्पविरामवाली एक फाइलही जोड.

पॉलिस्टायरीन घेतल्याने टेस्टही आपोआप जमते. टेस्ट म्हणजे काय असतं याचा फार बाऊ केला जातो. इथे ती एवढीच: फाइल वाचल्यावर बिंदूंची संख्या बरोबर आली का, पहिला आणि शेवटचा आकडा फाइलमधल्याशी जुळतो का, एकक बरोबर ओळखलं का, आणि 1001 प्रति सेंटीमीटरच्या आसपास तो ओळखीचा ठळक पीक दिसतो का. चार प्रश्न, पाच-सात ओळींचा कोड. पण या ओळी असल्या की टूल सांभाळणाऱ्या माणसाला तुमचं मशीन न बघताही पुढे बदल करता येतात. काही मोडलं तर टेस्ट ओरडते. टेस्ट नसलेला कोड घ्यायला ते का कू करतात ते त्यामुळेच. त्यात तुझा अपमान नाही, तू पीएचडी संपवून निघून गेल्यावर तो कोड त्यांच्या गळ्यात पडणार असतो.

मग हसण्याची भीती. कोडला हसणारे लोक मला अजून भेटायचे आहेत असं म्हणणार नाही, पण परीक्षण करणाऱ्यांत ते फार कमी असतात. संशोधकांनी लिहिलेला कोड कसा असतो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. टेम्प, टेम्प2 अशी व्हेरिएबलची नावं, तुझ्या डेस्कटॉपचा अख्खा पाथ कोडमध्येच लिहिलेला, अर्ध्या ओळी कॉमेंट करून ठेवलेल्या. हे सगळं त्यांनीही केलेलं असतं. पाठवण्याआधी पाथ काढ, मेलेल्या ओळी उडव, फंक्शनच्या वर ते काय घेतं आणि काय देतं हे दोन ओळींत लिही. सौंदर्यप्रसाधन एवढं पुरे. आपल्या मशीनवर चालतं म्हणून समाधान मानू नकोस, लॅबमधल्या अशा एखाद्याला दे ज्याने तुझी स्क्रिप्ट कधी पाहिलेली नाही, आणि त्याच्या लॅपटॉपवर नव्याने बसवून दाखवायला सांग. तू शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. तो जिथे जिथे तुझ्याकडे वळून बघेल, तिथे तिथे सूचनांमध्ये एक ओळ कमी आहे असं समज.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल टूलमध्ये घ्यावा ही विनंती, पाठवलीस की उत्तरं तुटक येतील, त्याची मनाची तयारी ठेव. ‘टेस्ट कुठे आहे?’ ‘हे नाव बदला.’ ‘हा भाग वेगळा पाठवा.’ यात राग शोधू नकोस. तो माणूस बहुधा स्वतःची नोकरी सांभाळून, रात्री उशिरा, फुकट हे करत असतो आणि त्याच्यापुढे अशा बऱ्याच रिक्वेस्ट पडलेल्या असतात. त्याला खरा ताप होतो तो वेगळ्याच गोष्टींचा. फाइल वाचणारा भाग द्यायला आलेली व्यक्ती जाता जाता अख्ख्या टूलमधल्या रिकाम्या जागा नीट करून जाते, मग दीडशे ओळींच्या बदलात दोन हजार ओळी हललेल्या दिसतात आणि नक्की काय बदललं ते हुडकत बसावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट पाठव.

आणि निव्वळ आकडा वाढवण्यासाठी किरकोळ बदल पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता, तर लोकांनी टूलची ओळख सांगणाऱ्या रीडमी फाइल्समध्ये एकेक विशेषण घालून पाठवायचा असा सपाटा लावला की टूल सांभाळणारे मेटाकुटीला आले. शेवटी आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी आपणहून भाग घेतला आहे त्यांच्याच रिक्वेस्ट धरायच्या असं ठरवावं लागलं. हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या आणि पाठवणाऱ्यानेच न वाचलेल्या कोडचा तोच त्रास आहे. तू मदत घेतली असशील तर घे बापडी, पण प्रत्येक ओळ अशी का आहे हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे, आणि प्रकल्पाचा याबाबत काही नियम असेल तर तो पाळ.

एक धोक्याची सूचना. लॅबमध्ये स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीत ठेवलेली असेल, तर ती रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) आहे तशी उघडी करू नकोस. आज फाइल डिलीट केली तरी ती जुन्या कमिट्समध्ये, म्हणजे आधी नोंदवलेल्या बदलांमध्ये, तशीच राहते. कधीतरी चुकून चढलेला अप्रकाशित डेटा, सर्व्हरचा पासवर्ड, सहकाऱ्यांची नावं, सगळं इतिहासात खणून काढता येतं. आधीच्या टूलला भाग देताना तू त्यांच्या रिपॉझिटरीची प्रत घेऊन त्यात काम करशील, त्यामुळे हा प्रश्न येणार नाही. पुढे उरलेली स्क्रिप्ट उघडी करशील तेव्हा मात्र नव्या, कोऱ्या रिपॉझिटरीपासून सुरुवात कर.

लायसन्सचं थोडक्यात सांगते. कोडवर लायसन्सच नसेल तर तो सगळ्यांना दिसत असला तरी कायद्याने सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, दुसऱ्याला तो घेऊन वापरता येत नाही. तू आधीच्या टूलमध्ये भर घालते आहेस, म्हणून तुझ्या ओळी सर्वसाधारणपणे त्याच टूलच्या लायसन्सखाली जातील. ते एमआयटी आहे, बीएसडी आहे की जीपीएल, एकदा बघून ठेव. पण त्याआधी दोन गोष्टींचा छडा लाव. एक, तुझ्या फेलोशिपच्या किंवा संस्थेच्या नियमांप्रमाणे तू लिहिलेल्या कोडचे हक्क कोणाकडे असतात. गाइडना किंवा संबंधित कार्यालयाला ईमेलने विचार, म्हणजे उत्तर लेखी राहील. दोन, तुझ्या स्क्रिप्टची सुरुवात लॅबमधल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या कोडवरून झाली होती का. लॅबमधल्या बहुतेक स्क्रिप्ट्स अशाच जन्माला येतात. तसं असेल तर त्या व्यक्तीला विचार आणि नाव दे. विचारलं की लोक सहसा खूश होऊन हो म्हणतात. न विचारता कळलं की मग वाकडं येतं.

गाइडचं म्हणणं मी सहजासहजी उडवून लावणार नाही. तुझ्या चौथ्या वर्षी त्यांनी पेपरचा आग्रह धरणं हे त्यांचं कामच आहे. सॉफ्टवेअर हेही संशोधनाचं फलित मानावं असं बरीच वर्षं बोललं जातंय. 2012 च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आलेला डोरा जाहीरनामा मूल्यमापनात सॉफ्टवेअर आणि डेटाही धरायला सांगतो, 2016 मध्ये सॉफ्टवेअरचा संदर्भ कसा द्यावा याची तत्त्वंही मांडली गेली. पण जाहीरनाम्यावर सही करणं वेगळं आणि निवड समितीत बसल्यावर तसं वागणं वेगळं. बऱ्याच ठिकाणी अजून पेपरच मोजले जातात, हे तुझ्या गाइडना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्यासमोर कामाचे दोन भाग ठेव. फाइल वाचणाऱ्या भागात संशोधनाचं काहीच गुपित नाही. तो दिल्याने पेपर एका दिवसानेही मागे जायला नको, कारण कोड आधीच लिहिलेला आहे, त्याला फक्त झाडून-पुसून टेस्ट जोडायची आहे. आणि पेपरच्या पद्धती विभागात ‘आमच्या स्क्रिप्टने फाइल्स वाचल्या’ याऐवजी एका सार्वजनिक, तपासलेल्या टूलच्या अमुक आवृत्तीने वाचल्या असं लिहिता येईल. परीक्षकांना ते नक्कीच जास्त पटतं. गाइड बहुधा इथेच विरघळतील.

सिनियरने घातलेली भीतीही या विभागणीत निकालात निघते. बेसलाइन किंवा पीकसाठी तू काही नवी युक्ती काढली असशील आणि तीच पेपरचा विषय असेल, तर ती पेपर स्वीकारला जाईपर्यंत ठेव की झाकून. त्यात गैर काहीच नाही. ओपन सोर्स म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं चव्हाट्यावर मांडणं नव्हे. फक्त पेपर आला की कोडही लगेच आला पाहिजे. ‘मागितल्यास देऊ’ असं लिहून नंतर ईमेलला उत्तर न देणारे लोक तुला माहीत असतीलच, त्यांच्या पंगतीला बसू नकोस.

पेपरनंतर उरलेल्या स्क्रिप्टचं काय करायचं, हे त्यात किती दम आहे त्यावर ठरेल. कमीत कमी एवढं कर: लायसन्स, रीडमी आणि संदर्भ कसा द्यावा हे सांगणारी सायटेशन डॉट सीएफएफ या फाइल्स घालून ती गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेव आणि त्या आवृत्तीची प्रत झेनोडोवर जमा कर. झेनोडो हे संशोधनाचा डेटा आणि कोड जपून ठेवणारं भांडार सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने 2013 मध्ये सुरू केलं. तिथे ठेवलेल्या आवृत्तीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, त्यामुळे लोकांना नेमका त्याच आवृत्तीचा संदर्भ देता येतो. सायटेशनची फाइल असली की गिटहब पानावरच संदर्भ कसा द्यायचा ते दाखवतं, 2021 पासून ही सोय आहे. काम अर्ध्या दिवसाचं. बहुतेक प्रबंधांच्या कोडला याहून जास्त काही लागतही नाही.

तिला पूर्ण पॅकेजचं रूप द्यावं असं वाटलं तर वाट लांबची आहे. कॉन्डा-फोर्जसारख्या साठ्यात पॅकेज ठरलेल्या साच्यात बसवावं लागतं आणि ते निरनिराळ्या सिस्टिमवर उभं राहतं का हे आपोआप तपासलं जातं. पायओपनसाय या पायथनच्या पॅकेजेससाठीच्या प्रकल्पात माणसं परीक्षण करतात. जॉस हे 2016 साली सुरू झालेलं नियतकालिक सॉफ्टवेअरवरचा छोटा पेपर छापतं आणि त्याचं परीक्षण सगळ्यांसमोर, गिटहबवरच चालतं. मात्र हजारेक ओळींहून लहान कोड तिथे आला की त्यात पुरेसं काम आहे का, हा प्रश्न संपादक विचारत आले आहेत, आणि तुझी स्क्रिप्ट फाइल वाचणारा भाग काढल्यावर त्याहून बरीच खाली जाईल. म्हणून आत्ता त्या वाटेला जाऊ नकोस. तुझ्या पद्धतीचा इतरांना उपयोग होतोय असं दिसलं तर तोही भाग आधीच्या टूललाच देता येईल, तोवर तिथल्या लोकांशी ओळखही झालेली असेल.

राहिला वेळेचा प्रश्न. माझ्या मते तुझ्या चारही काळज्यांत हीच खरी आहे. स्वतंत्र टूल काढलंस तर त्याच्या प्रत्येक शंकेचं उत्तर तुझ्याच दारात येणार, आणि पायथनची नवी आवृत्ती आली की मोडलेलं दुरुस्तही तुलाच करावं लागणार. आधीच्या टूलमध्ये भर घातलीस तर हा भार वाटला जातो. तुमच्या मशीनविषयी कोणी विचारलं तर वर्षातून एखाद-दोनदा ते तुला हाक मारतील, तेवढं उत्तर दे. पुढे मशीन बदललं, विषय बदलला, तर मला आता हे जमणार नाही असं एका ओळीत कळवून मोकळी हो. त्यात कमीपणा नाही. न सांगता गायब होणाऱ्यांपेक्षा ते केव्हाही बरं. उरलेल्या स्क्रिप्टच्या रीडमीत पहिल्याच परिच्छेदात लिहून टाक: हा कोड प्रबंधासाठी लिहिला आहे, चुका कळवल्यास बघेन, नव्या सोयींच्या मागण्या स्वीकारत नाही. पीएचडी झाल्यावर सांभाळायचं नसेल तर गिटहबवर रिपॉझिटरी अर्काइव्ह करायची सोय आहे. ती वाचता येते, प्रत घेता येते, पण नवे इश्यू येत नाहीत. एमआयटी किंवा बीएसडीसारख्या लायसन्समध्ये कोड आहे तसा दिला आहे, हमी नाही, असं स्पष्ट लिहिलेलंच असतं. लोकांनी ईमेलवर ईमेल पाठवले तरी तू कोणाचं देणं लागत नाहीस.

आता एकच शक्यता उरते, आणि ती दुर्मीळ नाही. इश्यू लिहिलास आणि पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. दोन-तीन आठवडे थांब, मग त्याच इश्यूखाली एकदा नम्रपणे आठवण कर. मध्यंतरी त्या टूलमध्ये शेवटचा बदल कधी झाला, इतरांच्या इश्यूंना उत्तरं मिळतायत का, तेही बघून घे. वर्षभरात काहीच हललेलं नसेल तर संग्रह चालवणाऱ्यांना कळव की हे टूल सांभाळायला कोणी नाही असं दिसतं. ही माहितीही त्यांना हवी असते, आणि ते एखाद्या दुसऱ्या सांभाळणाऱ्याशी तुझी गाठ घालून देऊ शकतात. तिथेही दाद लागली नाही, तर फाइल वाचणारा भाग, नमुना फाइल आणि टेस्ट एवढंच एका छोट्या पॅकेजमध्ये बांध, त्याच्या नावात मशीनचं नाव येऊ दे म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल, आणि संग्रहात त्याची नोंद कर. मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव किंवा लोगो असा वापरू नकोस की ते त्यांचंच अधिकृत टूल वाटेल. जुन्या टूलच्या इश्यूखाली या पॅकेजची लिंक ठेव. उद्या त्या टूलला कोणी वाली मिळाला तर त्याला ती तिथे सापडेल.